ऑटोपायलट बंद होतो तेव्हा

मुंबईहून दिल्लीला निघालेले विमान धावपट्टी सोडून थोडे वर गेले की वैमानिक एक बटण दाबतो आणि पुढचे बहुतेक काम संगणकाकडे जाते. उतरताना धावपट्टी समोर दिसू लागली की तो विमान पुन्हा हातात घेतो. दोन तासांच्या प्रवासात विमान खरोखर हाताने चालवले जाते ती मिनिटे बोटांवर मोजता येतील एवढीच असतात. हा वैमानिकाचा आळस नव्हे. संगणक विमान माणसापेक्षा सफाईने उडवतो, इंधन वाचवतो आणि तो थकत नाही. शिवाय २९ हजार फुटांच्या वरच्या गर्दीच्या हवाई मार्गांवर दोन विमानांमधले उभे अंतर एक हजार फुटांचेच ठेवले जाते. तेवढी अचूक उंची राखायला स्वयंचलित यंत्रणा लागतेच. जेट विमानांची सुरुवात झाली त्या काळाशी तुलना केली तर आज विमानप्रवास कितीतरी पटींनी सुरक्षित आहे आणि त्यात यंत्रांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे यंत्र नको, जुने दिवस बरे होते, असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न वेगळाच आहे. यंत्र जेव्हा काम सोडून देते, तेव्हा ते कोणाच्या हातात पडते? आणि त्या हातांना, खरे तर त्या मेंदूला, त्या कामाची सवय किती उरलेली असते?

१ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान रात्री अटलांटिक महासागरावर ३५ हजार फुटांवरून जात होते. विमान एअरबस ए-३३० होते आणि त्यात २२८ माणसे होती. विमानाच्या नाकाजवळ बाहेर डोकावणाऱ्या काही लहान नळ्या असतात. त्यांत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून विमानाचा वेग कळतो. त्यांना पिटो नळ्या म्हणतात. वादळी ढगांच्या पट्ट्यात बर्फाच्या बारीक कणांनी या नळ्या तुंबल्या आणि वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले. ज्या माहितीचा भरवसा नाही तिच्यावर विमान चालवायचे नाही, असा संगणकाचा नियम. त्यानुसार त्याने ऑटोपायलट बंद केला आणि विमान माणसांच्या हवाली केले.

बिघाड म्हणाल तर एवढाच. नळ्या मिनिटभराच्या आत मोकळ्या झाल्या. इंजिने ठणठणीत होती, पंख शाबूत होते. विमानाचे नाक आहे तसे सपाट आणि इंजिनाची ताकद आहे तेवढी ठेवून मिनिटभर दम धरला असता तर प्रवाशांना काही कळलेही नसते. पण विमान हाताळणाऱ्या सहवैमानिकाने कंट्रोल स्टिक मागे ओढली. नाक वर गेले, विमान आणखी दोन-अडीच हजार फूट चढले, वेग घटला आणि पंखांना हवेचा आधार सुटला. वैमानिकांच्या भाषेत याला 'स्टॉल' म्हणतात आणि त्यावरचा उपाय प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच शिकवला जातो: नाक खाली करा, वेग येऊ द्या. कॉकपिटमध्ये यंत्राचा आवाज 'स्टॉल, स्टॉल' असे ओरडत होता. एकदा तर तो सलग ५४ सेकंद ओरडत होता. विश्रांतीसाठी गेलेला कॅप्टन दीड मिनिटाने परत आला, त्यालाही काय चालले आहे ते उमगले नाही. स्टिक बहुतेक वेळ मागेच ओढलेली राहिली. ऑटोपायलट सुटल्यापासून ४ मिनिटे २३ सेकंदांनी विमान समुद्रावर आदळले. कोणीही वाचले नाही.

विमानाच्या नोंदी साठवणारी उपकरणे जवळजवळ दोन वर्षांनी, सुमारे ३,९०० मीटर खोल समुद्रतळावर सापडली, म्हणून हा तपशील जगाला कळला. त्यात एक गोष्ट फार बोलकी आहे. विमानाचा मोजलेला वेग फारच कमी झाला की 'हा आकडा खरा असूच शकत नाही' असे धरून संगणक स्टॉलचा इशारा बंद करत असे. त्यामुळे वैमानिकाने योग्य तेच करून नाक थोडे खाली केले की वेग वाढायचा आणि बंद झालेला इशारा पुन्हा सुरू व्हायचा. नाक वर ओढले की शांतता. म्हणजे बरोबर वागले की यंत्र ओरडणार आणि चुकीचे वागले की गप्प बसणार. अंधाऱ्या रात्री, क्षितिज दिसत नसताना, आधीच गोंधळलेल्या माणसाची याहून वाईट कोंडी कशी करता येईल?

शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिले तर त्या तिघांच्या वागण्यात अनाकलनीय काही नाही. शांत, कंटाळवाण्या कामात असताना अचानक दचकलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रिनलिन उसळते, नाडी वाढते, स्नायू आवळतात. विचार करणारा मेंदू काही सेकंद मागे पडतो आणि सवयीचा मेंदू पुढे येतो. नजर एखाद्याच आकड्यावर खिळते. कानावर पडणारा आवाज डोक्यापर्यंत पोहोचत नाही. तातडीच्या विभागात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे ओळखीचे वाटेल. श्वासनळीत नळी घालण्यासाठी धडपडणाऱ्याला शेजारच्या मॉनिटरचा अलार्म खरोखर ऐकू येत नाही. तो नंतर शपथेवर सांगतो की अलार्म वाजलाच नव्हता. अशा वेळी वाचवते ती हजारदा केलेली कृती आणि हजारदा केलेला विचार. फ्रान्सच्या तपास यंत्रणेने २०१२ च्या अंतिम अहवालात नोंदवले की अत्यंत उंचीवर विमान हाताने चालवण्याचे आणि वेगाचे आकडे अविश्वसनीय झाल्यावर काय करायचे याचे प्रशिक्षण त्या उंचीच्या संदर्भात सहवैमानिकांना मिळालेलेच नव्हते. त्या उंचीवर विमान नेहमी संगणकच चालवत असल्यामुळे माणसाला ते शिकवावे असे कोणाला सुचले नव्हते.

हे सारे घडण्याच्या २६ वर्षे आधी एका मानसशास्त्रज्ञाने जवळजवळ शब्दशः सांगून ठेवले होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा रोख कारखान्यांतल्या नियंत्रण कक्षांवर होता, पण तो आज विमानापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सगळीकडे लागू पडतो. त्यांचे म्हणणे असे: रचनाकार माणसाला बेभरवशाचा मानतो आणि त्याला बाजूला करून काम यंत्राकडे देतो. पण ज्या गोष्टी यंत्राला जमवता येत नाहीत त्या मात्र त्याच बेभरवशाच्या माणसावर सोडतो. सोपे ते यंत्राने घ्यायचे, अवघड आणि दुर्मीळ ते माणसाने. आणि सोपे काम रोज करत राहिल्यामुळेच जो तयारीत राहायचा, त्याचा तो रियाजच बंद करायचा.

दुसरी गोष्ट देखरेखीची. काम यंत्राने करायचे आणि माणसाने फक्त लक्ष ठेवायचे, ही वाटणी कागदावर छान दिसते. पण नुसते लक्ष ठेवणे हे मेंदूच्या सर्वांत वाईट कामांपैकी एक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधणारे ब्रिटिश हवाई दलाचे जवान काही वेळाने ठळक खुणाही हुकवू लागत. नॉर्मन मॅकवर्थ या संशोधकाने त्याची कारणे शोधण्यासाठी एका साध्या घड्याळाचा प्रयोग केला. काटा ठराविक उडीने फिरायचा, अधूनमधून दुप्पट उडी मारायचा, ती ओळखायची. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसले की पहिल्या अर्ध्या तासातच माणसांची नजर ढिली पडते. जागरूक राहण्याची शपथ घेऊन, किंवा भिंतीवर 'सावधान' अशी पाटी लावून, यात फरक पडत नाही.

मग वैमानिक नेमके काय विसरतात? सर्वसाधारण समज असा की हात विसरतात. २०१४ मध्ये स्टीफन कॅसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १६ अनुभवी वैमानिकांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये बसवले आणि टप्प्याटप्प्याने स्वयंचलित मदत काढून घेतली. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा लागला. विमान सरळ ठेवणे, वळवणे, उपकरणांवर क्रमाने नजर फिरवणे हे हाताचे कौशल्य बऱ्यापैकी टिकून होते. थोडे गंजले होते, पण शाबूत होते. घसरले होते ते डोक्याचे काम. नकाशाचा पडदा बंद केल्यावर आपण नेमके कुठे आहोत हे मनात धरून ठेवणे, पुढच्या दोन पायऱ्या आधी ठरवणे, एखादे उपकरण खोटे बोलत आहे हे ओळखणे, या गोष्टी अनेकांना जड गेल्या. सायकल चालवायला शिकलेला माणूस वीस वर्षांनीही सायकल चालवतो. पण रस्ता लक्षात ठेवण्याचे काम ज्याने मोबाइलला दिले, त्याला दोन वर्षांत आपल्याच शहरात वळण चुकते. आपल्यापैकी अनेकांनी हे स्वतःवर अनुभवले आहे.

आता उलट उदाहरण. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए-३८० विमानाचे एक इंजिन उड्डाणानंतर काही मिनिटांतच फुटले. उडालेल्या तुकड्यांनी पंख भेदला, तारा तोडल्या, इंधनाच्या टाक्यांना भोके पाडली. कॉकपिटच्या पडद्यावर बिघाडांची यादी संपता संपेना, एक सूचना निपटावी तर पुढची हजर. योगायोगाने त्या दिवशी कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी काही वेळाने प्रश्न फिरवला. काय काय बिघडले याच्यामागे धावणे सोडून, अजून काय काय चालते आहे आणि तेवढ्यावर विमान उतरवता येईल का, असा हिशेब त्यांनी मांडला. विमान जवळजवळ दोन तासांनी सिंगापूरला उतरले, ४६९ जण सुखरूप. संगणकाने त्या दिवशी मदत केली नाही असे नव्हे, भरपूर केली. पण कोणती सूचना ऐकायची आणि कोणती सोडायची हे ठरवायला विमानाचे अंतरंग माहीत असलेला माणूस लागला.

विमानाचे अंतरंग माहीत असणे म्हणजे काय, आणि ते माहीत होऊच दिले नाही तर काय होते, हे बोइंग ७३७ मॅक्सने दाखवले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात या जातीची दोन विमाने कोसळली, ३४६ माणसे गेली. विमानाचे नाक आपोआप खाली ढकलणारी एक संगणकीय प्रणाली त्यात बसवली होती. ती एकाच संवेदकाच्या भरवशावर चालत होती आणि पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची माहितीच नव्हती. जुन्या ७३७ वरून नव्यावर येणाऱ्यांना सिम्युलेटरचे प्रशिक्षण लागू नये, खर्च वाचावा, हा त्यामागचा एक मोठा हिशेब होता. इथे वैमानिकांचा सराव कमी पडला म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या यंत्राचे अस्तित्वच सांगितलेले नाही, त्याचा सराव कोणी कसा करायचा? कौशल्य कमी झाल्याची ओरड करताना ते कमी कोणी केले, हा प्रश्न आधी विचारायला हवा. बहुतेक वेळा उत्तर कॉकपिटमध्ये नसते, हिशेबाच्या वहीत असते.

वैमानिकांबद्दल निदान चर्चा तरी होते. हँगरमध्ये रात्रपाळीला काम करणाऱ्या तंत्रज्ञाची आठवण कोणाला होत नाही. १० जून १९९० ची एक घटना डॉक्टरांनी तरी विसरू नये अशी आहे. बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच सुमारे १७ हजार फुटांवर निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथहॅम्प्टनला उतरवले. कॅप्टन जगला, हे नवलच. ही काच आदल्या दिवशी पहाटे, रात्रपाळीत, बदलली होती. तिला ९० बोल्ट लागतात. त्यातले ८४ किंचित बारीक होते, किती, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बदलणाऱ्या अनुभवी पर्यवेक्षकाने जुना बोल्ट हातात घेऊन, अपुऱ्या उजेडात, नुसत्या नजरेने नवे निवडले होते. तपासात पुढे आले की जवळचे वाचायला त्याला चष्मा लागत असे, आणि काम करताना तो त्याने लावलेला नव्हता.

मराठीत या चष्म्याचे नावच 'चाळिशी' आहे. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते, जवळचे अंधूक होते, आणि मंद उजेडात आणखी अंधूक होते. यात आजार काही नाही. पण हाताचा अनुभव नेमका याच वयात शिखरावर असतो आणि डोळा त्याच वयात दगा देऊ लागतो. त्या अहवालाने विमान दुरुस्ती करणाऱ्यांच्या चष्म्याकडे नियामकांचे लक्ष वेधले. आज धातूतल्या बारीक भेगा शोधणाऱ्या तपासनिसांची जवळची नजर दरवर्षी तपासावी, असा विमान उद्योगातला मान्य दंडक आहे. विमान दुरुस्तीच्या बाकीच्या कामांतही तो तितक्याच कसोशीने पाळायला काय हरकत आहे? खर्च एका अक्षरतक्त्याचा आणि पाच मिनिटांचा.

या तपासणीच्या कामातही आता संगणक आला आहे. ड्रोन विमानाभोवती फिरून पत्र्याची छायाचित्रे घेतो, इंजिनात सोडलेल्या दुर्बिणीच्या चित्रात संगणक भेगेभोवती चौकट काढतो. हे स्वागतार्हच आहे. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या जुन्या ७३७ चे छत उडत्या विमानातून फाटून गेले आणि एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली, तेव्हा मध्यरात्री हजारो रिव्हेट एकामागून एक डोळ्यांनी तपासणे माणसाला किती अशक्यप्राय आहे, हे तपासात ठळकपणे समोर आले होते. असे काम यंत्राने जरूर करावे.

फक्त एक हिशेब राहून जातो. हजार निर्दोष रिव्हेट पाहिलेल्या तंत्रज्ञालाच एक हजार एकावा वेगळा दिसतो. वैद्यकीय शिक्षणातही तसेच आहे. छातीचे शेकडो निरोगी एक्स-रे पाहिल्याशिवाय आजारी एक्स-रे डोळ्यांत भरत नाही. सोपी, नेहमीची, कंटाळवाणी कामे हीच शिकाऊ माणसाची शाळा असते. ती कामे यंत्राने नेली की वरिष्ठांचे फारसे बिघडत नाही, कारण ते जुन्या शाळेत शिकून आलेले असतात. बिघडते ते त्यांच्यानंतर येणाऱ्यांचे, आणि ते दहा-पंधरा वर्षांनी उघडकीला येते, म्हणजे वरिष्ठ निवृत्त झाल्यावर.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. मिग-२१ विमानांपासून सुरुवात करून पुढे सुखोई-३० इथे बनली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए या विमानाने ओझरहून पहिले उड्डाण केले. ज्या मिग-२१ वर इथल्या तंत्रज्ञांच्या पहिल्या पिढीचा हात बसला, ते त्याच्या महिनाभर आधी हवाई दलातून निवृत्त झाले. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे. गोंदियाजवळ बिरसीला आणि बारामतीला वैमानिक घडवले जातात. मागणीही अफाट आहे. २०२३ या एकाच वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. या विमानांना माणसे लागतील, आणि घाईने लागतील. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. ते बहुतांशी लहान विमानांवर होते. तिथून तरुण वैमानिक थेट जगातल्या अत्यंत स्वयंचलित विमानांच्या उजव्या आसनावर बसतो. एअर फ्रान्सच्या त्या सहवैमानिकांकडे हजारो तासांचा अनुभव होता. त्यातले बहुतेक तास यंत्राकडे पाहण्याचे होते. अनुभवाचे तास मोजण्याची जुनी पद्धत इथे फसवी ठरते. एखाद्या डॉक्टरने शस्त्रक्रियागृहात किती वर्षे काढली यावरून त्याने किती शस्त्रक्रिया स्वतः केल्या ते कळत नाही, तसेच हे आहे.

दवाखान्यांत हीच गोष्ट पुढच्या दारात उभी आहे. पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत देण्यात आली. पडद्यावर संशयित गाठीभोवती यंत्र चौकट काढायचे. काही महिन्यांनी, याच डॉक्टरांनी यंत्राविना केलेल्या तपासण्यांचा हिशेब काढला. यंत्र येण्यापूर्वी १०० पैकी सुमारे २८ रुग्णांत पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी त्यांना सापडत होत्या, आता २२ मध्येच सापडल्या. २०२५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो निरीक्षणात्मक आहे आणि या एका अभ्यासावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण दिशा ओळखीची आहे. आपल्याकडे क्षयरोगाच्या शोधमोहिमेत हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र आणि त्याची छबी वाचणारा संगणक गावोगाव पोहोचतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाचणीसाठी अशा वाचनाला मान्यता दिली. जिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर मैलोन्‌मैल नाही, तिथे हे वरदानच आहे. जिल्हा रुग्णालयात, जिथे निवासी डॉक्टर शिकतात, तिथे मात्र ते कसे वापरायचे याचा वेगळा विचार हवा.

विमान उद्योगाने निदान काही धडे घेतले. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या नियामक संस्थेने विमान कंपन्यांना लेखी सूचना केली की परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा वैमानिकांना विमान हाताने चालवू द्या. त्यानंतर सहा महिन्यांत, ६ जुलै २०१३ रोजी, स्वच्छ उन्हात, सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना एशियाना कंपनीचे ७७७ विमान धावपट्टीच्या अलीकडच्या बांधाला आदळले. तिथली मार्गदर्शक यंत्रणा त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद होती, इंजिनाची ताकद यंत्र सांभाळते आहे असे वैमानिकांना वाटत होते आणि प्रत्यक्षात ते सांभाळत नव्हते. ३०७ जणांपैकी तिघे दगावले. पुढे विमान स्टॉलमध्ये गेल्यावर सावरण्याचे प्रशिक्षण अनेक देशांनी सक्तीचे केले, अमेरिकेत ते २०१९ पासून पूर्णपणे लागू झाले.

आपल्याकडे यापुढे जायला हवे. वैमानिकांची सिम्युलेटरवरची तपासणी ठराविक काळाने होतेच. पण परीक्षा केव्हा आहे आणि त्यात कोणते बिघाड येणार, हे बहुधा ठाऊक असते. इंजिन बंद पडणार, हे धरून बसलेल्याला इंजिन बंद पडल्याचे आश्चर्य वाटत नाही. न सांगितलेला, पुस्तिकेत न बसणारा, दोन उपकरणे एकमेकांना खोटे ठरवतील असा बिघाड द्यायला हवा, आणि तोही गुण देण्यासाठी नको, नापास होण्याची भीती न ठेवता शिकण्यासाठी हवा. कॅसनर यांच्या निष्कर्षाप्रमाणे झिजते ते डोके असेल, तर सरावही डोक्याचाच हवा: नकाशाचा पडदा झाकून, आपण कुठे आहोत आणि पुढे काय करणार, हे वैमानिकाकडून मोठ्याने बोलवून घ्यावे. यासाठी विमानाचे इंधन लागत नाही, सिम्युलेटरही दर वेळी लागत नाही. वेळ लागतो. तो कामाच्या तासांत धरला पाहिजे, सुट्टीच्या दिवशी नव्हे, कारण दमलेला मेंदू शिकत नाही.

हँगरमधल्या आणि आयटीआयमधल्या शिकाऊंनाही हेच लागू आहे. संगणकाने तपासलेल्या भागांपैकी काही भाग त्यांनी आधी स्वतः तपासावेत, आपले मत लिहावे, मगच संगणकाचे उत्तर उघडावे. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर कोण बरोबर, हे शिक्षकासमोर ठरावे. निवासी डॉक्टरांनी क्षयरोगाच्या एक्स-रेबाबत अगदी असेच करावे. आधी पेनाने आपले निदान लिहायचे, मग पडदा उघडायचा. याने काम थोडे हळू होईल, रांग थोडी लांबेल आणि व्यवस्थापनाला ते आवडणार नाही. संगणक खरेदीच्या निविदेत या वाढीव वेळेचा रकाना आजवर सहसा नसतो. तो पहिल्यापासूनच असावा, आणि त्यापुढचा आकडा शून्य नसावा.